जमेची बाजू आधी लिहा

ज्या माणसापायी माझ्या ताईने माझा फोन घेणं बंद केलं, त्याला मी कधी पाहिलेलं नाही. तो पुण्याकडे कुठेतरी राहतो आणि टीव्हीवरची एक मालिका चालवतो. कथा त्याची, संवाद त्याचे, कोणी मरायचं आणि मेलेल्यांपैकी कोणी परत यायचं हेही त्याच्याच हातात. त्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. तरी दोन वर्षांत मी त्याला जेवढं बोललो तेवढं चुलतभावालाही बोललो नाही, आणि चुलतभावाने वलगावला माझ्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोरून स्वतःचं शेत वाढवलेलं आहे.

मी अमरावतीत फुलांचं दुकान चालवतो. वलगावच्या शेतात शेवंती आणि झेंडू लावतो, इथे हार ओवून विकतो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तेल्हाऱ्याच्या कपाशीवाल्या घरात दिलेली, आता मुलाच्या नोकरीमुळे अकोल्यात. आई गेल्यावर आमच्यात बोलायला विषय उरेना. "जेवला का?" "जेवलो." झाला फोन. मग ही मालिका आली, आपल्या वऱ्हाडातल्या एका घराची. साडेसातला सुरू व्हायची, आठला संपली की मी ताईला फोन लावायचो. नायिकेच्या सासूवर बोलता बोलता ताई स्वतःच्या सासूवर यायची, मी नायिकेच्या दिरावर बोलता बोलता चुलतभावावर. आईचा विषयही असाच आडून निघायचा. समोरून काढला असता तर दोघांनीही फोन ठेवला असता. आठ वाजताचा तो फोन गेला असता तर मला बहीण म्हणून फक्त राखीचं पाकीट उरलं असतं. आणि तो फोन मीच घालवला.

मालिकेच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. चाहते म्हणायचं एवढंच, अर्धे तिथे लेखकाला झोडपायलाच येतात. ताईही त्यात होती, पण नुसती वाचायची. अ‍ॅडमिन बाई अकोल्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात नियम केला, की लेखकावर काही लिहायचं तर जमेची बाजू आधी लिहा, कमकुवत बाजू नंतर. मी नियम मोडला नाही. "जमेची बाजू: जाहिराती चांगल्या होत्या" असं लिहायचो आणि खाली दोन हात लांब कमकुवत बाजू.

ग्रुपात हळूहळू दोन पक्ष पडले. अकोल्याचे लेखकाच्या बाजूने, अमरावतीचे विरुद्ध. यात साहित्याचा भाग थोडा होता. अकोल्याने एखादी गोष्ट चांगली म्हटली की अमरावतीला ती वाईट दिसू लागते, आणि त्यांचंही तसंच. अकोलेकर म्हणायचे, टीव्हीवर आपली बोली आजवर नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी होती, या माणसाने ती नायिकेच्या तोंडी दिली. ती शेताच्या वाटणीसाठी कोर्टात न्यायाधीशासमोर उभी राहून "मले माह्या बापाचं वावर पायजे" म्हणाली आणि कोणी हसलं नाही, हे आजवर कोणत्या लेखकाने केलं? खरं सांगायचं तर त्या भागाला माझेही डोळे भरले होते. पण विरोधी पक्षनेत्याला डोळे भरून चालत नाही. मी लिहिलं, की वाक्याच्या शेवटी मले-तुले चिकटवलं म्हणून वऱ्हाडी होत नाही, उद्या हा गाईलाही "हंबरून राहिली" म्हणायला लावेल. मग यादी. या माणसाच्या मालिकेतलं प्रत्येक गुपित दाराआड कोणीतरी ऐकतं, त्याच्या घरांना भिंती कमी आणि दारं जास्त. नायिकेचा काका पहिल्या उन्हाळ्यात दही आणायला गेला तो अजून आलेला नाही, आणि घरात कोणी त्याची चौकशीही करत नाही. दिवाळी तीन आठवडे चालते. आणि माझा मुख्य मुद्दा, याला पुरुष लिहिता येत नाहीत. एक तर बावळट नाहीतर हरामखोर, मधला माणूसच नाही.

हे सगळं मी दुकानात हार ओवता ओवता फोनला तोंडी सांगायचो, फोन लिहून घ्यायचा. एकदा मी नायक-नायिकेबद्दल सांगत होतो, "हे लग्न काही टिकत नाही, दिवाळीच्या आत दोघं वेगळे होतात." मान वर केली तर समोर नवरदेवाचे वडील, वरमाला न्यायला आलेले. त्यांनी वरमाला शेजारच्या दुकानातून नेल्या. तरी मी थांबलो नाही. सकाळी दुकान उघडलं की आधी फोन पाहायचो, माझ्या मजकुराखाली किती अंगठे पडले ते. देवाला फूल त्यानंतर.

भादव्यात मालिकेवाल्यांनी प्रेक्षक बहिणींकडून भुलाबाईच्या आठवणी मागवल्या. आपल्याकडे पोरी महिनाभर घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरचा खाऊ ओळखतात. डबा बंद असतो. हलवून, कान लावून, गोड का तिखट ते विचारून ओळखायचं. पोरी हरल्या की त्या घरच्या पोरीची मान ताठ. पहिल्याच झटक्याला ओळखला की तिचा पोपट.

एका आठवणीवर त्यांनी पूर्ण भाग केला. नायिकेचं बालपण दाखवलं. तिच्या घरचा डबा रोज पहिल्या झटक्याला ओळखला जातो. पोरी हसतात. नायिकेला वाटतं, आपल्या आईला काही वेगळं करताच येत नाही म्हणून हे होतं. ती आईला लागेल असं बोलते. आई एक दिवस जवळचं सगळं तूप घालून शिरा भरलेल्या सांजोऱ्या करते. पोरगी डब्यात फडकं कोंबून नेते, आवाज येऊ नये म्हणून. तरी एक पोरगी कान न लावताच म्हणते, सांजोऱ्या. कारण नायिकेचा भाऊ रोज स्वयंपाकघरात डोकावतो आणि खाऊचं नाव पोरींना विकतो, त्याच खाऊतल्या वाट्यावर. शेवटी भाऊ एकटा बसून रडतो आणि खाली अक्षरं येतात, अकोल्याच्या एका प्रेक्षक भगिनीच्या आठवणीवरून.

आठ वाजता मी फोन लावला. ताईने पहिल्याच रिंगला घेतला, असं ती कधी करत नाही. मी म्हणालो, काय भिकार भाग होता. ती म्हणाली, "तुले काईच नाही वाटलं?" मी म्हणालो, वाटलं ना, टीव्ही बंद करावा वाटलं. ती म्हणाली, बरं, आणि फोन ठेवला. मला वाटलं दुधाचं भांडं गॅसवर असेल.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा मजकूर लिहिला. जमेची बाजू: काल वीज गेली नाही. कमकुवत बाजू: या लेखकाला बहीणभाऊ म्हणजे काय ते ठाऊक नाही. वऱ्हाडात कोणताही भाऊ असं करत नाही. आपल्या मनातला मळ हा आमच्या पोरांच्या अंगाला फासतो आहे. आणि एका डब्यासाठी पोरगी अर्धा भाग रडते? शेवटी माझा हात सुटला. मी लिहिलं, ज्या बाईने ही आठवण पाठवली ती एक तर खोटारडी आहे, नाहीतर मंद, पण अकोल्याच्या बायांना रडायला कारण लागतं कुठे. अंगठ्यांची रास पडली. अमरावतीचे मला भाऊ, दादा, सर म्हणू लागले.

दुपारी बाराला ताईचा फोन आला. आठशिवाय दुसऱ्या वेळेला ती फोन करत नसे.

"ते तू लिहिलं का?"

मी जरा फुगूनच हो म्हणालो.

"ते मंद बाई मीच होय."

मी हसलो. मनापासून हसलो, आणि हे मी लपवू शकत नाही कारण तिने ऐकलं. ती हसणं संपेपर्यंत थांबली.

मग तिने सांगितलं. गोष्ट मालिकेत होती तीच, फक्त घर आमचं होतं, आई आमची होती, आणि स्वयंपाकघरात डोकावणारा मी. तिला तेव्हा माहीत नव्हतं. लग्न होऊन तेल्हाऱ्याला गेली तेव्हा त्या पोरींपैकी एक तिला तिथे सून म्हणून भेटली. तिने हसत हसत सांगितलं, तुझा भाऊ आम्हाला खाऊ विकायचा गं. ताईही तेव्हा हसली म्हणे. घरी येऊन मात्र तिला आठवलं, की सांजोऱ्यांच्या त्या दिवशी ती परतल्यावर आईला काय म्हणाली होती. "तुले काई म्हणता काई येत नाही." पुढच्या वर्षी भुलाबाईच्या मूर्ती आल्या नाहीत, आणि आमच्या घरात ती पुन्हा बसलीच नाही.

"आई गेली तवा तिले हेच वाटत होतं," ताई म्हणाली. "का आपल्याले येत नाही. मी आठवण पाठवली ते टीव्हीवर यावं म्हून नाही. मले वाटलं तू पाहशीन अन् आठ वाजता म्हणशीन, ताई, हे तर मी होतो."

मला आठवत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. तीन सांजोऱ्या आठवत होत्या. चव आठवत होती. त्या कुठून आल्या होत्या ते नाही.

ती म्हणाली, जिथं लिहिलं तिथंच लिही, का तो भाऊ तू होय. लिहीस्तोवर आठ वाजता फोन करू नको. आणि खरंच, त्या दिवशी आठला मी लावला तर फोन वाजत राहिला.

इथून पुढे मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. आधी मी मजकूर पुसला. तासाभराने कळलं की तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला गेला, बाकी सगळ्यांकडे जसाच्या तसा. मग लिहिलं, की काही अपवादात्मक भाऊ असे असूही शकतात. अमरावतीकर म्हणाले, सर नरमले का? मी घाबरून हसरा चेहरा टाकला. मग दसरा आला, झेंडूत नाकापर्यंत बुडालो आणि स्वतःला सांगितलं की वेळ नाही. रोज आठला फोन लावत होतो, रोज वाजून बंद होत होता. मालिका पाहत होतो, पण वाईट काय ते सांगायला कोणी नसलं की वाईट दिसेनासंही होतं. एक दिवस नायिकेचा काका दही घेऊन परत आला. मी उडालो, फोन हातात घेतला, आणि मग खाली ठेवला.

कोजागिरीला ताईकडे भुलाबाईचा शेवटचा दिवस होता. ग्रुपातल्या अकोल्याच्या बायांनीच यंदा ती तिच्या घरी बसवली होती. मी बायकोला म्हणालो, सांजोऱ्या करून दे, घेऊन जातो. तिला सगळं माहीत होतं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "इकल्या तुमी, तर करा बी तुमीच."

केल्या. आतला शिरा आधी पातळ झाला, मग दगड. तेलात सोडल्या तशा फुटल्या. फुटलेल्यांना पुन्हा पीठ लावून सोडल्या, त्या आणखी फुटल्या. शेवटी जे निघालं ते डब्यात भरलं, झाकण घट्ट लावलं, शेवंतीचा मोठा हार बरोबर घेतला आणि अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूरपर्यंत मांडीवर डबा घेऊन मी मनात वाक्यं जुळवत होतो. दोन वर्षं लेखकाच्या संवादांवर हसलो होतो आणि मला स्वतःचं एक धड सुचत नव्हतं.

संध्याकाळी पोचलो तर हॉल बायांनी भरलेला. ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली भुलाबाई-भुलोजी, गाणी नुकतीच संपलेली. ताईने मला पाहिलं आणि पाणी आणायला सुनेला सांगितलं, स्वतः उठली नाही. अ‍ॅडमिन बाईंना मी आवाजावरून ओळखलं, ग्रुपात त्या बोलूनच निरोप टाकायच्या. त्या म्हणाल्या, "हेच का ते वीज नाही गेली वाले?" सगळ्या वळल्या. एकीने विचारलं, मंद बायांच्या घरचं पाणी चालते का तुमाले? दुसरी म्हणाली, जपून बसा हो, आमाले रडाले कारण लागत नाही. मी हार भुलाबाईला घातला. तो तिला पायापर्यंत आला आणि भुलोजी त्याच्याखाली दिसेनासे झाले. कोणी हसलं नाही.

मी डबा पुढे केला. म्हणालो, आमच्या घरचा खाऊ आहे, ओळखा.

नियम तो नियम, त्यांनी डबा हातोहात फिरवला. हलवला, कान लावले. आत काहीतरी खडखडत होतं आणि काहीतरी घसरत होतं. शंकरपाळे, एक म्हणाली. चिवडा. बत्तासे. खडीसाखर. अ‍ॅडमिन बाईंनी गोड का तिखट विचारलं, मी गोड म्हणालो, त्यांनी पुन्हा हलवला आणि म्हणाल्या, हे गोडात बसत नाही. डबा ताईकडे आला. तिने हलवला नाही, मांडीवर धरून बसली आणि पुढे दिला. शेवटी सगळ्यांनी हरलो म्हटलं. आमच्या घरचा डबा पहिल्यांदाच कोणाला ओळखता आला नव्हता.

"सांजोऱ्या," मी म्हणालो.

झाकण उघडलं. एक बाई आत पाहून म्हणाली, "बाप्पा, ह्या?" मग मात्र हसल्या सगळ्या, आणि त्या हसण्यातच मी सांगून टाकलं. जुळवलेली वाक्यं बसमध्येच राहिली होती. म्हणालो, मालिकेतला तो भाऊ मी. खाऊ मी विकत होतो. आठवण पाठवणारी बाई माझी ताई, आणि ती खरं बोलते.

हसणं थांबलं. मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल, जाऊ द्या हो, लहानपण होतं. तसं कोणी म्हणालं नाही. अ‍ॅडमिन बाईंनी चष्मा वर सरकवला. "मंग भाऊ, लेखक चुकला कुठं, ते सांगा आता."

आणि माझ्यातला विरोधी पक्षनेता तेवढ्यातही उठला. "चुकला," मी म्हणालो. "त्यानं भावाले दोन सांजोऱ्या देल्ल्या. मी तीन घेतल्या होत्या. अन् त्याचा भाऊ शेवटी रडते. मी नाही रडलो. मी खाल्ल्या."

ताईने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. डबा उचलला आणि आत घेऊन गेली.

अ‍ॅडमिन बाई म्हणाल्या, हे ग्रुपातही लिहा, अमरावतीकरांनाही कळू द्या. तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. जमेची बाजू: गोष्ट खरी होती. कमकुवत बाजू: लेखकाने भावाला फार सांभाळून घेतलं, तो भाऊ मी आहे. मिनिटभरात अमरावतीचे तुटून पडले. भाऊ, दादा, सर सगळं गेलं. कोजागिरीच्या दुधावर अकोल्याला विकला गेला, असं एकाने लिहिलं. मला वाटतं ते वाक्य चांगलं होतं.

साडेसातला टीव्ही लागला. बाया सतरंजीवर, मी दाराजवळच्या खुर्चीवर. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, माझ्याकडे पाठ करून बसली होती. आठला भाग संपला. काय झालं त्यात मला सांगता येणार नाही. मी खिशातून फोन काढला आणि रोजच्या सवयीने ताईचा नंबर लावला.

फ्रिजवर तिचा फोन वाजू लागला. सगळ्या बाया फ्रिजकडे पाहू लागल्या, मग माझ्याकडे. ताई उठली. नाव पाहिलं. आता कापते असं वाटलं. तिने फोन उचलला, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

"बोल," माझ्या कानात आवाज आला.

मी म्हणालो, आजचा भाग...

"आज मालिका नाही. आज तू. कमकुवत बाजू आधी सांगते, मंधात बोलू नको."

मी म्हणालो, ग्रुपाचा नियम जमेची बाजू आधी असा आहे.

"तो तिच्या ग्रुपातला नियम. हा फोन माहा होय."

आणि तिने सुरुवात केली. सांजोऱ्यांपासून नाही, त्याच्याही आधीपासून. आईच्या आजारपणात मी किती वेळा दुकानाचं कारण सांगितलं इथपर्यंत आली, मग पुन्हा मागे गेली. दोन वर्षं मालिकेच्या आडून जे बोललो होतो त्यातलं काहीच यात नव्हतं. दाराआडून तिचा आवाज एकदा थेट यायचा आणि एकदा फोनमधून. हॉलमधल्या बाया दाराकडे कान लावून ऐकत होत्या, आणि मला तेव्हा कळलं की दाराआड ऐकणारी माणसं लेखकाने कुठून आणली असतील. त्या दिवशीच्या भागापेक्षा तिचं बोलणं लांबलं. जमेच्या बाजूवर ती आली नाही. मी फोन कानाला लावून उभा होतो आणि एकदाही मंधात बोललो नाही.